टेकडीवर तालीम चालू आहे

पुण्यातला माणूस शांतता हवी म्हणून टेकडीवर जातो, आणि सगळे एकाच वेळी जातात. त्यामुळे भल्या पहाटे लक्ष्मी रस्ता जितका शांत असतो तितकी शांतता टेकडीवर उजाडल्यानंतर कधीच मिळत नाही. वर पोचेपर्यंत चार ओळखीचे भेटतात, त्यांतले दोघे 'आज उशीर केलात' म्हणतात, एक जण आपण किती मिनिटांत चढलो ते सांगतो आणि चौथ्याचा कुत्रा आपल्याला ओळखत नाही.

फर्ग्युसनच्या मागून चढलं की ती हनुमान टेकडी. लॉ कॉलेजकडून चढलं की लॉ कॉलेजची टेकडी. एआरएआयच्या रस्त्याने गाडी वरपर्यंत नेली की एआरएआयची टेकडी, आणि अगदी माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे म्हणून वेताळ टेकडी. भूगोलवाले ही एकच रांग म्हणतात. पण भूगोलवाले वर चढत नाहीत, आणि चढणाऱ्यांत 'आमची टेकडी' आणि 'तुमची टेकडी' यांच्यातलं अंतर पायवाटेने वीस मिनिटांचं असलं तरी मनाने कोथरूड ते कोरेगाव पार्क एवढं आहे.

टेकडीच्या पायथ्याशी फर्ग्युसन, बीएमसीसी, गोखले अर्थशास्त्र संस्था, विधी महाविद्यालय आणि जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातली फिल्म इन्स्टिट्यूट. एवढ्या शिक्षणाने वेढलेली टेकडी जगात दुसरी नाही असा आमचा दावा आहे. पुण्यात दाव्याला पुरावा लागत नाही, आवाज लागतो.

या टेकडीचा स्वभाव १९०५ सालीच ठरून गेला असावा. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फर्ग्युसनमागच्या याच टेकडीवर भारत सेवक समाजाची स्थापना केली. मोजकी माणसं वर गेली आणि संस्था घेऊन खाली आली. तेव्हापासून इथे चार माणसं एकत्र दिसली की पायथ्याला पोचेपर्यंत त्यांच्यात एक अध्यक्ष आणि एक खजिनदार तयार झालेला असतो. चौथा माणूस असंतुष्ट गट म्हणून काम बघतो.

फिरायला येणाऱ्यांना सोडलं (त्यांना सोडता येत नाही, पण सोडलं असं समजू) तर टेकडीवर मुख्यतः तीन पंथ आहेत. नाटकवाले, दोरवाले आणि वाचवावाले. तिघांनाही टेकडी आपल्यासाठीच आहे आणि उरलेले दोघे तिथे उगीच आलेत असं वाटतं.

नाटकवाले पावसाबरोबर उगवतात. कॉलेजचा हॉल संध्याकाळी बंद होतो, कारण वॉचमनचा संबंध कलेशी नसून किल्लीशी असतो. मग दिग्दर्शक म्हणतो, 'चला टेकडीवर.' जुलै-ऑगस्टचे हे दिवस म्हणजे पुरुषोत्तम करंडकाचे दिवस. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली, आणि तेव्हापासून पुण्यातल्या प्रत्येक पिढीत अभ्यास बुडाल्याचं एक प्रतिष्ठित कारण उपलब्ध आहे. इथे लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयाला महत्त्व. नेपथ्य नि प्रकाशयोजना कितीही डोळे दिपवणारी असली तरी त्यांना गुण नाहीत. त्यामुळे तालमीला मोकळी जागा आणि मोकळा गळा एवढंच पुरतं. टेकडीवर तर नेपथ्यही फुकट आहे. काळा कातळ, एक वाकडी बाभूळ, मागे उतरत आलेला ढग. पण त्याला गुण नाहीत म्हणून कोणी तिकडे बघत नाही.

नवख्या माणसाला या दिवसांत टेकडीवर एकटं सोडू नये. करवंदीच्या जाळीमागून अचानक 'होय! मीच मारलं बाबांना!' असं ऐकू येतं. बाहेरगावचा माणूस मोबाईल काढून पोलिसांचा नंबर शोधू लागतो. इथला माणूस चाल न मोडता पुढे जातो, कारण एवढ्या स्पष्ट उच्चारांत गुन्हा कबूल करणारा माणूस आरोपी नसतो, प्राथमिक फेरीतला असतो. आमच्या सकाळच्या गटातल्या एका काकूंनी तर एकदा जाळीपाशी थांबून 'बाळा, "मारलं"वर जोर नको, "मीच"वर दे' असं सुचवलं होतं. त्या मुलाला पुढे अभिनयाचं पारितोषिक मिळालं असं काकू सांगतात. मुलगा काय सांगतो ते कळायला मार्ग नाही, त्याने तेव्हापासून जाळी बदलली.

भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी जे होतं त्याचीही तालीम टेकडीवरच होते. प्रेक्षागृहात एक जण उठून 'अरे, आव्वाज कोणाचा?' असं विचारतो आणि त्याच्या कॉलेजची पन्नास पोरं छप्पर हलेल अशा आवाजात कॉलेजचं नाव सांगतात. खरं तर ते नाव सगळ्यांना ठाऊक असतं, कार्यक्रमपत्रिकेतही छापलेलं असतं. पण काही प्रश्न उत्तर कळावं म्हणून विचारायचे नसतात. एकांकिका पडली तरी चालते, आव्वाज पडता कामा नये. आज अमेरिकेत कर्ज काढून घर घेतलेला, दोन मुलांचा बाप असलेला, घोरण्यावर औषध घेणारा माणूससुद्धा कुठे तरी विमानतळावर हे शब्द ऐकले तर बॅग खाली ठेवून उत्तर देईल. रक्तातली साखर कमी करता येते, हे करता येत नाही.

बरं, एवढं करून करंडक मिळेलच असं नाही. २०२२ साली परीक्षकांनी अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असं ठरवलं आणि करंडक कोणालाच दिला नाही. बाहेर गदारोळ झाला. मला मात्र त्यात पुण्याचा एक जुना गुण दिसला. देण्यासारखी वस्तू हातात असताना समोरच्याची लायकी तपासून ती परत कपाटात ठेवणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही.

फिरोदिया करंडक हे आणखी वेगळं प्रकरण आहे. तिथे एकाच सादरीकरणात जितके कलाप्रकार गुंफाल तितके थोडे. चित्र, शिल्प, वाद्य, नृत्य, जादू, सगळं चालतं, फक्त ते कथेच्या ओघात आलं पाहिजे. त्यामुळे फिरोदियातलं कुटुंब विलक्षण असतं. वडील मूर्तिकार, आई कथक करणारी, मुलगा तबला वाजवत वाजवत बंड करतो, आजोबा मुके आहेत म्हणून मूकाभिनय करतात आणि शेजारी नेमका जादूगार असतो. अशा घरात दुःख झालं तरी ते रांगोळीतून व्यक्त होतं. या तालमी टेकडीवर चालतात तेव्हा ओल्या शाडूचा गोळा, ढोलकी आणि उलट्या टोपीतलं कबूतर असा लवाजमा वर चढताना दिसतो. मोर आणि लांडोरी आधी दचकायच्या. आता थांबून बघतात.

दोरवाल्यांचं याच्या नेमकं उलट असतं. ते बोलत नाहीत. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या कडेला तीन-चार मुलंमुली माना वर करून भिंतीकडे बघत उभी असतात. अर्धा तास बघतात. मधे एक जण हवेत हाताने कसलीशी पकड घेतो, दुसरा मान हलवतो, पुन्हा शांतता. जवळून जाणाऱ्याला वाटतं, बहुधा कोणी तरी गेलं असावं.

त्यांची अडचण दगडाची आहे. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थर पक्का असेल तर बेसॉल्टसारखा कातळ नाही. पण दोन थरांच्या मधे तांबडी ठिसूळ माती, वर गवताची झिपरी, त्यावर मुरूम, आणि हातात येणारा दगड डोंगराचा आहे की नुसता डोंगरावर ठेवलेला आहे हे डोंगरालाच माहीत. म्हणून इथला प्रस्तरारोहक पकड घेण्याआधी दगडावर मुठीने ठोकून ऐकतो. ठणठणीत वाजला तर हात घालायचा. बद्द वाजला तर नमस्कार करून दुसरा शोधायचा. ही पद्धत जाहीर सभांनाही फार उपयोगी पडेल, पण व्यासपीठापर्यंत कोणी जाऊ देत नाही.

दुसरा नियम तीन बिंदूंचा. दोन हात, दोन पाय, या चारांतले तीन नेहमी कातळावर. एका वेळी एकच हलवायचा. तिसरा नियम दोराचा. दोरावर पाय पडता कामा नये. आतल्या धाग्यात बारीक खडा घुसला तर तो दोर आतून कापत राहतो, हे शास्त्र झालं. पण दोरवाल्यांच्या चेहऱ्यावर ते शास्त्रापेक्षा सोवळं जास्त वाटतं. स्वतःच्या घरी देवघरात बूट घालून जाईल असा मुलगा तुमचा पाय दोराला लागला तर ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने पूर्वी फक्त आजी बघायची.

या लोकांचं खरं तीर्थक्षेत्र टेकडी नव्हे. ती त्यांची बालवाडी. पुढे तैलबैलाच्या दोन भिंती, जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका, लोणावळ्याची नागफणी. नागफणीला इंग्रजांनी ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून 'ड्यूक्स नोज' म्हटलं. हा वेलिंग्टन, म्हणजे तेव्हाचा वेलस्ली, १८०३ साली फौज घेऊन पुण्यात आला होता. त्याच्या नाकावर आज आमची पोरं दोर टाकून खाली उतरतात, एवढा सूड पुरेसा आहे. आणि कड्यावर जाताना अत्तर-बित्तर लावायचं नाही ही शिस्तही इथेच शिकवतात, कारण कपारीत आग्या मोहोळ असतं आणि माशांना तुमचा ब्रँड आवडला तर दोरावरून उतरायला तुम्हाला वेळ मिळत नाही.

ढाकच्या बहिरीला मात्र दोरवाल्यांचा अभिमान जरा उतरतो. पुण्याहून हार्नेस, कॅराबिनर, हेल्मेट असा सरंजाम करून गेलेला गट कातळातल्या खोबण्यांत पाय चाचपत असतो, आणि शेजारून गावातले आजोबा अनवाणी, काखेत नारळ घेऊन, 'येऊद्या सावकाश' म्हणत गुहेतल्या देवाकडे जाऊन परतही येतात. आजोबांना तीन बिंदूंचा नियम कोणी शिकवलेला नसतो. नारळ धरल्यामुळे त्यांना तो पाळताही येत नाही.

टेकडीवरच्या दोरवाल्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'घोरपडीचं खरं का हो?' १६७० साली तानाजी मालुसरे डोणागिरीच्या कड्यावरून सिंहगडावर चढले. यशवंती घोरपडीला दोर बांधून चढले, ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती पोवाड्यातून. तुळशीदास शाहिराने घोरपडीला जे काम दिलं ते तिने तीनशे वर्षं निष्ठेने केलं आहे. इतिहासकार तिला मानत नाहीत. दोरवाल्यांचा आक्षेप निराळा आहे. घोरपड वर पोचली हे ते मान्य करतात, पण तिने पकड कशात घेतली, तिच्यावर एका माणसाचा भार एकदम आला की हळूहळू, आणि खाली दोर सांभाळायला कोण होतं, यावर त्यांच्यात रात्ररात्र वाद होतो. मला यात एक गंमत दिसते. या भागातली सगळ्यात गाजलेली चढाई आपल्या लक्षात आहे ती शाहिरामुळे, दोरामुळे नाही. ही गोष्ट मी दोरवाल्यांना सांगितली तेव्हा ते गप्प बसले. ते एरवीही गप्पच असतात, त्यामुळे पटली की नाही ते कळलं नाही.

याच बालवाड्यांतून पुढे फार मोठी कामं झाली आहेत. १९८२ साली पुण्यात सुरू झालेल्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ साली एव्हरेस्टवर पोचले. २०१९ साली कांचनजंगाच्या मोहिमेत दहा जण शिखरावर गेले. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या गावातली नोकरदार माणसं रजा टाकून आठ हजार मीटरच्या वर जाऊन आली. कांचनजंगाच्या वेळी टेकडीवर मी मोठ्या उत्साहाने ही बातमी दिली. आमच्या गटातले इंजिनियर काका बूट झटकत म्हणाले, 'ऑक्सिजन लावून गेले असतील ना?'

हे इंजिनियर काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि तिसऱ्या पंथाचे, म्हणजे वाचवावाल्यांचे, आमच्या बाजूचे पुढारी आहेत. या पंथाकडे फायली असतात. टेकडीवर येताना इतर लोक पाण्याची बाटली आणतात, हे नकाशे आणतात. आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण टेकडीच्या मागे लागलेल्यांकडेही नकाशेच आहेत. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून जाणारा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता महापालिकेच्या कागदावर कित्येक वर्षं आहे. शिवाय टेकडीच्या पोटातून बोगदे सुचवलेले आहेत, पंचवटीकडून एक कोथरूडच्या सुतारदऱ्याकडे, दुसरा गोखलेनगरच्या बाजूला. डोक्यावर वेताळ, पायाशी विद्यार्थी आणि पोटात बोगदा. एवढं झाल्यावर टेकडीचं नाव बदलून माणसाचं ठेवायला हरकत नाही.

रस्ता हवा असणाऱ्यांचं म्हणणं, त्याने लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी फुटेल. नको असणाऱ्यांचं म्हणणं, कोंडी पुढच्या चौकात जाऊन बसेल. शिवाय झाडं जातील, मोर जातील, जमिनीत मुरणारं पाणी जाईल. मी दुसऱ्या बाजूचा आहे. एप्रिल २०२३ मध्ये टेकडीसाठी मोठा मोर्चा निघाला, त्या सुमाराच्या आमच्या एका बैठकीला निम्मे सदस्य अर्धा तास उशिरा आले, कारण लॉ कॉलेज रस्त्यावर कोंडी होती. हे कारण बैठकीत मोठ्याने सांगायचं नसतं. इतिवृत्तात 'अपरिहार्य कारणास्तव' लिहितात.

उपनगरांतल्या टेकड्यांचं दुखणं जुनं आहे. १९९७ साली तेवीस गावं महापालिकेत आली, तिथल्या डोंगरउतारांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, आणि त्यात चार टक्के बांधकाम द्यावं की मुळीच देऊ नये यावर एवढी वर्षं वाद झाला की ज्यांनी तो सुरू केला त्यांची नातवंडं आता त्यावर प्रबंध लिहितील. हरकती आणि सूचना मागवल्या की वाचवावाल्यांच्या अंगात येतं. इंजिनियर काकांनी एकदा अशी मुद्देसूद हरकत लिहिली की वाचणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना फोन करून दुसऱ्याच एका प्रकरणासाठी मसुदा करून द्याल का, असं विचारलं. काकांनी तो दिलाही. त्या प्रकरणात काय झालं हे विचारल्यावर ते 'न्यायप्रविष्ट' म्हणतात.

या पंथातही पोटपंथ आहेत, आणि त्यांतला सगळ्यात कडवा वाद गिरिपुष्पावरून आहे. मध्य अमेरिकेतलं हे झाड वन खात्याने टेकड्यांवर भरपूर लावलं. पटापट वाढतं, आणि गुरं तोंड लावत नाहीत. पोटपंथ एक म्हणतो, हिरवं आहे ना, मग झालं. पोटपंथ दोन म्हणतो, ही टेकडी मुळात गवताळ, इथे गवत, बाभूळ, मोई, सालई शोभतात. गिरिपुष्पाने सगळ्यांना गुदमरवलं. आमच्या गटात वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्या गिरिपुष्पाकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने त्याची पानगळ झाली पाहिजे.

इतकी वर्षं बघून एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली आहे. हे तीन पंथ वेगळे नाहीत. तीच माणसं वयाप्रमाणे पंथ बदलतात. एकोणिसाव्या वर्षी करवंदीच्या जाळीमागे बाबांचा खून कबूल करणारा तेविसाव्या वर्षी सुळक्यावर लोंबकळतो, मग नोकरी, लग्न, कंबर. आणि पंचेचाळिशीत डॉक्टर 'रोज चाला' म्हणतात तेव्हा तो टेकडीवर परत येतो आणि ती वाचवायला घेतो. इंजिनियर काकांनी सत्तरच्या दशकात पुरुषोत्तमात तिसऱ्या शिपायाचं काम केलं होतं आणि वाखाच्या दोराने, लोहाराकडून घडवून आणलेल्या मेखा ठोकत कुठला तरी सुळकाही केला होता. कुठला, ते सांगताना सुळक्याची उंची दर वर्षी थोडी वाढते. अर्थात हे त्यांना कोणी आठवून दिलेलं आवडत नाही. नाटकवाल्यांना ते 'ही आरडाओरड करणारी पोरं' म्हणतात आणि दोरवाल्यांना 'ही लोंबकळणारी पोरं'.

तिन्ही पंथ अखेर एका रविवारी खाणीपाशी एकत्र आले. वाचवावाल्यांनी ठरवलं की लोकांना जागं करायचं. नाटकवाल्यांनी पथनाट्य बसवलं, निरनिराळ्या पाच कॉलेजांतली मुलं घेऊन. फिरोदियातल्या एकाने वीस फुटी कापडावर 'टेकडी म्हणजे आमची फुप्फुसं' असं रंगवलं, शेजारी फुप्फुसंही काढली. ते कापड खाणीच्या भिंतीवरून खाली सोडायचं होतं आणि खालची टोकं कातळात अडकवायला कोणी तरी दोरावर उतरणं भाग होतं. दोरवाल्यांची म्होरकी तिसऱ्या वर्षातली एक मुलगी होती. तिने जागा पाहिली, दगड ठोकला, ऐकला आणि म्हणाली, 'वर दोर कशाला तरी बांधावा लागेल. एक बोल्ट मारते.'

'भोक?' इंजिनियर काका म्हणाले. 'टेकडी वाचवायला यायचं आणि टेकडीलाच भोक पाडायचं?'

दोरवाल्यांतही यावर दोन तट निघाले. एक जण म्हणाला, कातळाला इजा न करता चढणं हाच खरा धर्म. दुसरा म्हणाला, ही खाण आहे, इथे आधीच अर्धी टेकडी काढून नेली आहे. मग कोणी तरी जवळची बाभूळ दाखवली. प्राध्यापिका बाभळीच्या आड येऊन उभ्या राहिल्या. 'साल सोलवटेल तिची,' त्या म्हणाल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच समाधान पसरलं. 'त्या गिरिपुष्पाला बांधा. ते उपटून आलं तरी माझी काही हरकत नाही.'

'मॅडम,' मुलगी म्हणाली, 'ते उपटून आलं तर त्याच्याबरोबर मी जाणार आहे.'

प्राध्यापिकांनी यावर थोडा विचार केला, हे मी स्वतः पाहिलं.

शेवटी मुलीनेच तोडगा काढला. बसून द्यायचा आधार. माणूस कड्यापासून आत जमिनीवर बसतो, पाय पुढच्या कातळाला रोवतो, दोर कमरेमागून घेतो; वजन चांगलं असेल तर माणसासारखा खुंटा नाही. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती इंजिनियर काकांवर थांबली. काका ओशाळले, मग सुखावले. दहा वर्षं डॉक्टर, बायको आणि सून ज्या पोटाबद्दल बोलत होती त्याचा हा पहिला सार्वजनिक उपयोग होता. त्यांच्या मागे सहकारी बँकेतून निवृत्त झालेले दोघे साखळीत बसवले. पथनाट्याचा दिग्दर्शक धावत वर आला.

'काका, चेहऱ्यावर ताण दिसू द्या जरा. लोक इकडे बघतायत.'

'ताण खराच आहे,' काका म्हणाले.

'खरा असेल हो, पण पोचत नाहीये.'

मुलगी कड्यावरून मागे झुकली आणि उतरत गेली. कापड उलगडलं. फुप्फुसं वाऱ्याने फुगली. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते सगळे रोज टेकडीवर येणारेच होते आणि त्यांना जागं करायची गरज नव्हती, पण टाळ्या मनापासून होत्या. ज्यांना ते वाचून दाखवायचं होतं ते महापालिकेत, म्हणजे टेकडीच्या पलीकडच्या बाजूला होते. हे लक्षात आलं तेव्हा मुलगी निम्म्यावर होती.

एवढ्यात वनरक्षक आले. तरुण होते, घामाघूम झालेले होते. त्यांनी कापड पाहिलं, दोर पाहिला, दोराच्या टोकाला बसलेले तीन ज्येष्ठ नागरिक पाहिले आणि वहीचं पान उलटून विचारलं, 'परवानगी आहे का? आयोजक कोण?'

कोणी बोलेना. वाचवावाल्यांनी नाटकवाल्यांकडे पाहिलं, नाटकवाल्यांनी दोरवाल्यांकडे. दोरवाले भिंतीकडे बघू लागले. वनरक्षकांनी आवाज चढवला. 'अहो, मी विचारतोय, कोण?'

खाण ती. शब्द घुमला. खाली एन्ट्रीची वाट बघत बसलेल्या पोरांच्या कानांवर वरून नुसतं 'कोऽऽण' एवढंच आलं, आणि त्यांच्यातल्या एकाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, 'अरे, आव्वाज कोणाचाऽऽ?'

पाचही कॉलेजांनी एकाच वेळी पाच उत्तरं दिली. लांडोरी उडाल्या. बाभळीआड उभ्या असलेल्या प्राध्यापिकांनीसुद्धा काही तरी पुटपुटल्याचा मला संशय आहे. आणि इंजिनियर काका, पन्नास वर्षांपूर्वीचे तिसरे शिपाई, मूठ आभाळात नेत आपल्या कॉलेजचं नाव गर्जत ताडकन उठून उभे राहिले.

दोर दोन फूट खाली गेला. मागचे दोन बँकवाले पुढे ओढले गेले. खाणीतून आवाज आला, 'काकाऽऽ! बसाऽऽ! खाली बसाऽऽ!'

वनरक्षकांनी वही टाकली आणि दोन्ही हातांनी दोर धरला, टाचा मुरमात रोवून, अगदी शिकल्यासारख्या. काका धप्पकन बसले. दोर ताठ झाला, खालून मुलीचं 'ओके!' ऐकू आलं, मग आणखी काही शब्द आले ते तालमीतले नव्हते. काकांनी धाप ओसरेपर्यंत डोळे मिटून घेतले, मग शेजारी दोराला लटकलेल्या वनरक्षकांकडे कौतुकाने पाहिलं.

'तयारी दिसतेय,' ते म्हणाले. 'कुठल्या कॉलेजचे आपण?'